सरदाराच्या कपाळावरचं कुंकू

माझा धंदा थुंकीवर चालतो. दिवाळीच्या अंकात पहिलंच वाक्य असं लिहू नकोस, असं एका मैत्रिणीने सुचवून पाहिलं. पण खोटं कशाला लिहू? जुनी तैलचित्रं स्वच्छ करणं आणि दुरुस्त करणं हे माझं काम. चित्रावर पिढ्यान्‌पिढ्यांची काजळी, शेकोटीचा धूर, माश्यांचे डाग, माणसांच्या श्वासाचा थर साचलेला असतो. तो काढायला कारखान्यातल्या महागड्या द्रवांइतकीच, कधी त्यांच्याहून चांगली, उपयोगी पडते ती माणसाची थुंकी. ती कोमट असते, सौम्य असते, आणि अन्न पचवणारे तिच्यातले रस काजळीचा चिकटपणा सोडवतात. बारीक काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर टेकवायचा, नखाएवढ्या जागेवर हलक्या हाताने फिरवायचा. काळा झाला की टाकायचा आणि नवा गुंडाळायचा. काळा झालेला पुन्हा तोंडात घालायचा नाही, हा पहिला धडा.

इचलकरंजीला माझ्या वडिलांचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका छापून पोट भरायचं आणि उरलेल्या कागदावर पत्रकं छापायची, असा त्यांचा संसार. यंत्रमाग कामगारांची, जातीविरुद्धची, बुवाबाजीविरुद्धची पत्रकं. वाकडी छापली गेलेली माझ्या वह्यांना कव्हर म्हणून लागायची, त्यामुळे घोषणा वाचता येऊ लागल्या तेव्हा बाराखडी पुरती यायची होती. माझं नावच समता. वेल्समध्ये कार्डिफला आल्यावर फोनकार्ड खरवडून घरी फोन केला आणि बाबांना सांगितलं, की आज दिवसभर एका लॉर्डाच्या तोंडाला थुंकी लावली आणि त्याबद्दल मला पगार मिळणार आहे, तेव्हा ते इतके हसले की आई पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली.

हसून झाल्यावर मात्र ते म्हणाले, "पण शेवटी तू त्याला उजळच करून दिलास की गं."

हे लागलं. कारण खरं होतं. जुन्या काळी चित्र काढून घ्यायला पैसा लागायचा. म्हणून ज्यांचे चेहरे उरले ते जमीनदारांचे, सरदारांचे, खाणमालकांचे. खाणीत उतरणाऱ्यांचे चेहरे कुणी रंगवले नाहीत. मी ज्यांच्याविरुद्ध वाढले त्यांच्याच गालावरची लाली परत आणण्यात माझी विशी गेली. कामावर प्रेम आहे आणि कामातल्या माणसांवर राग आहे, अशा अवस्थेत इतकी वर्षं काढणारी मी एकटीच नसेन. अनेक वकिलांचंही असंच असेल.

आमचा स्टुडिओ एका बंद पडलेल्या चॅपेलमध्ये, म्हणजे छोट्या चर्चमध्ये आहे. उत्तरेकडून उजेड येतो, म्हणून ती जागा घेतली. मालकीण ग्लेनिस, साठीची, अस्सल वेल्श. सगळ्यांना लाडाने 'लव' म्हणणारी आणि कुणालाच माफ न करणारी. तिच्या हाताखाली मी शिकले ते मुख्यतः एकच: आपण जे काढून टाकतो ते परत लावता येत नाही. नवं लावायचं ते मात्र नेहमी असं लावायचं, की उद्या कुणाला काढता यावं.

गिऱ्हाइकं सगळ्या तऱ्हेची. एका शेतकऱ्याने आजोबांचं चित्र बटाटा कापून घासलं होतं, कारण त्याच्या आजीने तसं सांगितलं होतं. बटाट्यातल्या पिठावर बुरशी धरली आणि आजोबांना हिरवी दाढी आली. एका निवृत्त शाळामास्तरीणबाईंनी समुद्राचं चित्र आणलं होतं. जुनं व्हार्निश पिवळं पडून सगळा समुद्र चहासारखा दिसत होता. आम्ही तो पुन्हा निळा केला. बाई न्यायला आल्या, बघत राहिल्या आणि रडू लागल्या. "हा माझ्या वडिलांच्या खोलीतला समुद्र नाही," म्हणाल्या. ग्लेनिसने वाद घातला नाही. नव्या व्हार्निशमध्ये थोडा पिवळा रंग मिसळून तिने समुद्र पुन्हा जुना करून दिला. मी तेव्हा नवी होते. मला हा अप्रामाणिकपणा वाटला आणि मी तसं म्हटलं. ग्लेनिस म्हणाली, "घाण म्हणजे काय, हे तुला कळलंय असं तुला वाटतंय. चांगलं आहे. वाटू दे."

सावंतांचा सरदार आला तो त्यानंतर काही वर्षांनी.

शहरातल्या एका गॅलरीला कुणीतरी चित्र भेट देत होतं. गॅलरीची अट होती की आधी ते स्वच्छ व्हावं. भेट देणारे होते डॉक्टर सावंत. सरकारी इस्पितळात आयुष्यभर भूल देण्याचं काम करून निवृत्त झालेले. ग्लेनिस म्हणाली, "तुझ्या भाषेचे दिसतायत. तूच जा घ्यायला."

दार त्यांच्या मुलीने उघडलं. नीना. लंडनजवळ क्रॉयडनला राहते, आईवडिलांना तिकडे आपल्याजवळ नेण्यासाठी आली होती. हॉलभर खोकी रचलेली.

"तू समता ना? ये, ये. प्लीज तू माझा मम्मीशी बोल. ती सकाळपासून त्या पेंटिंगसमोर बसला आहे. आय मीन, बसली आहे."

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर सावंत काकू बसल्या होत्या. अंगात कार्डिगन, खाली नऊवारी नव्हे, साधी पाचवारी, पायात मोजे. आणि समोरच्या भिंतीवर तो.

सतरा-अठरा वर्षांचा असेल. काळा झगा, छातीवर आठ टोकांचा, धुराने मळलेला पांढरा क्रूस, एक हात कमरेवर, दुसरा शिरस्त्राणावर. ओठ असे, की याला अजून कुणी 'नाही' म्हटलेलं नसावं. पाठीमागे काळोख, आणि कोपऱ्यात कधीकाळी समुद्र असावा असा धुरकट तुकडा. काम इटालियन वाटत होतं, सतराव्या शतकातलं, चांगल्या हाताचं. आणि भुवयांच्या मध्ये, ठसठशीत, अंगठ्याने ओढलेला कुंकवाचा उभा टिळा. एकावर एक इतक्यांदा लावलेला की त्याची खपली झाली होती. खाली हळद. चौकटीच्या दोन्ही बाजूंना उदबत्तीचे पिवळे ओघळ.

मी विचारलं, "काकू, हे काय?"

"तू कुठली?"

"इचलकरंजीची."

"घाटावरची. मग तुला राखणदार माहीत नसणार." काकूंनी पदर सारखा केला. "आमच्याकडे प्रत्येक जागेला राखणदार असतो. घर तुम्ही बांधा, कागद तुमच्या नावाचा करा, जागा त्याची. त्याचा मान त्याला द्यायचा, मग तो राखण करतो. नाही दिला तर त्रास देतो. हे घर आम्ही एका म्हाताऱ्या मिसकडून घेतलं. ती जाताना म्हणाली, हा माझ्याआधीपासून इथे आहे, घर हाच सांभाळतो, याला काढू नका. आता तूच सांग, मी काय समजायचं?"

"इट्स अ पेंटिंग, हे समजायचं," डॉक्टर सोफ्यावरून म्हणाले. गुडघे गेलेले, जिना चढवत नव्हता, म्हणूनच घर सोडणं चाललं होतं. "त्या बाईला म्हणायचं होतं की चित्र भिंतीला शोभतं. हिने अवसेला कोंबडी-वडे सुरू केले. आणि माझी व्हिस्की! सिंगल मॉल्ट, समता. सरदारासमोर ठेवायची, मग बागेच्या कोपऱ्यात ओतायची. या गल्लीतले कोल्हे बघ कसे गुबगुबीत आहेत."

"अहो, दोन चमचे ठेवत होते."

"दर अवसेला दोन चमचे. मी हिशोब केला तर कोसळेन."

"आणि आजूबाजूला सगळ्यांकडे चोऱ्या झाल्या, आपल्याकडे झाली का?"

"आपल्याकडे चोरायला होतं काय? स्टीलचे डबे?"

नीना हसली. काकू हसल्या नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे बघ बाळा. न्यायचा तर न्या. यांनी गॅलरीला शब्द दिलाय. पण कुंकू पुसायचं नाही. ते पुसलंत की तो पुन्हा कुणाचाच नाही. आणि या घरात मी इतकी वर्षं होते, हे मग कुठे राहणार? हे इस्पितळात होते, त्यांच्या नावाची पाटी आहे तिकडे. नीनाची शाळा आहे. माझं काय आहे? एवढं आहे."

बुवाबाजीविरुद्धच्या पत्रकांची कव्हरं घातलेल्या वह्यांतून शिकलेल्या मुलीने यावर काय बोलायचं? मी चित्राच्या कडा तपासू लागले.

"आणि धुता कशानं?" काकूंनी विचारलं.

मला खोटं बोलता येत नाही. हा गुण नाही, सवय आहे. मी सांगितलं.

"थुंकीनं?" काकू उभ्याच राहिल्या. "त्याच्या तोंडावर? उष्टं?"

"सावंतबाई," डॉक्टर खुशीत येऊन म्हणाले, "ही पोरगी तुझ्या राखणदाराची चांगली जिरवणार."

शेवटी मी कबूल केलं की चेहऱ्याला थुंकी लावणार नाही, आणि कपाळाला विचारल्याशिवाय हात लावणार नाही. त्या बोलीवर सरदार चादरीत गुंडाळून व्हॅनमध्ये चढला.

स्टुडिओत चित्र चौकटीतून काढलं. कापड ज्या लाकडी सांगाड्यावर ताणलेलं असतं, त्याच्या खालच्या पट्टीत आणि कापडात फट असते. तिथे वर्षानुवर्षं काय काय पडून राहतं: खिळे, धूळ, मेलेले कोळी. आमच्या सरदाराच्या फटीतून निघाल्या अक्षता. पिवळ्या पडलेल्या, टणक. आणि शेवंतीच्या वाळक्या पाकळ्या. ग्लेनिसने चिमट्याने एक दाणा उचलून उजेडात धरला.

"उंदीर?"

"आशीर्वाद," मी म्हटलं. दुसरा शब्द सुचला नाही.

मग खोली काळोखी करून जांभळा दिवा लावला. या दिव्याखाली जुनं व्हार्निश शेवाळासारखं हिरवट चमकतं आणि नंतर लावलेले रंग काळे दिसतात. सगळा सरदार हिरवट झाला, तळ्यात बुडाल्यासारखा. आणि कपाळाच्या मधोमध हळद पिवळीजर्द पेटली. टिळा व्हार्निशच्या वर होता, खालच्या रंगाला धक्का नव्हता. म्हणजे काढायचा तर सहज निघेल, ठेवायचा तर निवांत राहील. कारागिरीने हात झटकले. प्रश्न आमच्यावर आला.

गॅलरीचा माणूस फिलिप, माझ्याच वयाचा, अभ्यासू, नम्र. बोलणं अर्थातच इंग्रजीत झालं, इथे मराठीत देते.

"हा चेहऱ्यावरचा मळ आधी काढाल ना?"

"मळ नाही. कुंकू आहे."

"असेल. पण चित्रकाराने लावलेलं नाही."

"तुमच्या वरच्या मजल्यावर दक्षिणेतली एक छोटी पितळी देवी आहे," मी म्हटलं. "तिच्या कपाळावरही कुंकू आहे. तेही मूर्तिकाराने लावलेलं नाही. तुम्ही ते पुसलं नाहीत. काचेत ठेवून खाली लिहिलंत, पूजेच्या खुणा."

"ती पूजेची मूर्ती आहे. हे व्यक्तिचित्र आहे."

"कुणी ठरवलं?"

"म्हणजे?"

"म्हणजे आमच्या देवीवर आमचं कुंकू, तो इतिहास. तुमच्या सरदारावर आमचं कुंकू, तो मळ. असंच ना? आम्ही पूजा करावी ती आमच्याच वस्तूंची, आमच्याच ठरलेल्या खोलीत. तुमच्या वस्तूला हात लावला की ती मळली."

मी जरा मोठ्याने बोलले असेन. चॅपेलमध्ये आवाज घुमतो. फिलिप लाल झाला. ग्लेनिस स्टुलावर बसून चहा पीत होती. ती म्हणाली, "यात ती बरोबर आहे, लव."

मला स्वतःचीच गंमत वाटत होती. एकीकडे सरदार, दुसरीकडे अंगारा-धुपारा. ज्या दोन गोष्टींविरुद्ध माझ्या घरात आयुष्यभर शाई वापरली गेली, त्या दोन्ही एका कापडावर एकत्र आल्या होत्या आणि मी त्यांची वकिली करत होते. पण तत्त्व म्हणजे तत्त्व. एका वस्तूला एक न्याय आणि दुसरीला दुसरा, हे मी घरी शिकले नव्हते. फिलिप विचार करून चार दिवसांनी परत आला आणि म्हणाला, की टिळा राहू दे. उलट त्याबद्दल खाली पाटी लावू: कार्डिफमधल्या एका भारतीय कुटुंबाने या चित्राची घराचा रक्षक म्हणून पूजा केली. तो मनापासून म्हणत होता. आम्ही हात मिळवले. बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "युक्तिवाद चोख आहे. निष्कर्ष भयंकर आहे." आणि पुन्हा हसले.

टिळा राहणार म्हटल्यावर मी बाकीची काजळी काढायला घेतली. चेहऱ्यापासून सुरुवात करत नाहीत. कमी महत्त्वाच्या कोपऱ्यापासून करतात, म्हणजे चुकलं तर कोपऱ्यात चुकेल. मी समुद्राचा धुरकट तुकडा घेतला. इथे थुंकीला मनाई नव्हती. दोन दिवसांत लाटा निघाल्या आणि लाटांवर एक लांबट गलबत. दोन्ही बाजूंना केसांसारखी बारीक वल्ही. डोक्याला भिंगाची पट्टी बांधून पाहिलं तर वल्ह्यांच्या मागे ठिपक्यांची ओळ. एका ठिपक्याला कुंचल्याचा एकच स्पर्श. ती डोकी होती.

या सरदारांचा पंथ भूमध्य समुद्रातल्या एका बेटावर असे. धर्मासाठी समुद्रावर लढायचं हे त्यांचं व्रत. पंथात शिरायचं तर चारही आजी-आजोबा कुलीन असल्याचा पुरावा लागे. त्यांच्या लढाऊ गलबतांवर वल्ही मारायला पकडून आणलेली, बेड्या घातलेली माणसं असत. चित्रकाराने सरदाराच्या झग्याच्या एका बटणाला जेवढा वेळ दिला, तेवढा त्या सगळ्यांना मिळून दिला नव्हता. तरी दिला. मी त्या ठिपक्यांवर फार हळू काम केलं.

घर सोडण्याच्या आदल्या आठवड्यात काका-काकू त्याला भेटायला आले. दुपारची वेळ. अवस होती, म्हणून काकूंच्या हातात डबा. डॉक्टरांच्या कोटाच्या खिशात खोकल्याच्या औषधाची बाटली, आत औषध नव्हे. चित्राजवळ खाणंपिणं आणायचं नाही हा आमचा कडक नियम. ग्लेनिसने लांबच्या टेबलाकडे बोट दाखवलं आणि पाठ केली. म्हणजे परवानगी.

मी काकूंना विजयाची बातमी दिली. टिळा राहणार. कुणी पुसणार नाही. त्यांनी माझ्या गालाला हात लावला.

तिथेच थांबायला हवं होतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. मला तसं वाटत नाही. ज्याला आपण नमस्कार करतो तो कोण, हे माणसाला कळलंच पाहिजे. मी भिंगाची पट्टी काकूंच्या डोक्याला बांधली, त्यांना कोपऱ्यासमोर बसवलं आणि ते ठिपके दाखवले. ही माणसं आहेत, काकू. यांना साखळीने बांधलेलं असे. हा त्यांच्यावरचा मालक. आणि याला हे सगळं कशामुळे मिळालं, तर चारही आजी-आजोबा कुलीन होते म्हणून.

"चारच?" डॉक्टर म्हणाले. "आमच्याकडे शहाण्णव कुळं लागतात. स्वस्तात सुटले."

"अहो, थांबा जरा." काकू बराच वेळ भिंगातून पाहत होत्या. मग पट्टी काढून म्हणाल्या, "मग? राखणदार सज्जन असतो असं तुला कुणी सांगितलं?"

त्यांनी पट्टी माझ्या हातात दिली.

"आमच्या गावचा राखणदार कोण होता, माहीत आहे? खोत. बाया-बापड्यांना झोडपायचा. वाटेत मेला. मेल्यावर सगळ्यांना छळायला लागला, म्हणून त्याला जागा नेमून दिली, अवसेला कोंबडा ठरवला. चांगल्या माणसाला कशाला कोंबडा द्यावा लागतो? तो निघून जातो सुखाने. वाईटालाच बांधून घालावं लागतं, की बाबा, खा, पी, आणि आता तरी कुणाच्या उपयोगी पड."

या दृष्टीने मी कधी पाहिलं नव्हतं. मला त्यांना भोळेपणातून सोडवायचं होतं, आणि त्या भोळ्या नव्हत्याच. तरीही एक उरलं होतं म्हणून मी पाटीचं सांगितलं. चित्राखाली काय लिहिणार, ते वाचून दाखवलं.

काकूंचा चेहरा बदलला.

"म्हणजे माझं कुंकू लोकांना दाखवणार?"

"तुम्ही म्हणालात ना, माझं काय राहणार? हे राहील."

"अगं, मी त्याच्याशी बोलायचे. हे रात्रपाळीला, नीना पाळण्यात, कुणाशी बोलायचं मी? त्याच्याशी भांडलेसुद्धा आहे. ते आमच्या दोघांतलं. त्यावर पाटी लावायची नसते." जरा थांबून त्या म्हणाल्या, "आणि तिथे त्याला अवसेला कोण देणार?"

गॅलरीत चित्रासमोर वडे ठेवू देणार नव्हते, हे सांगायची गरज नव्हती.

"कुंकू लावून ठेवायचं म्हणजे बांधून ठेवायचं. आणि बांधून ठेवून जेवायला घालायचं नाही?" त्यांनी त्या कोपऱ्याकडे हात केला. "हेच तर यानं केलं ना त्यांना? मग मी तेच याला करू?"

"काकू, एकदा पुसलं की परत येत नाही."

"माहीत आहे. मी लावलंय, मीच सोडवते."

डॉक्टर काठी टेकत उठले. आतापर्यंतची सगळी थट्टा त्यांच्या चेहऱ्यावरून गेली होती. "गाऱ्हाणं घालतेस?" त्यांनी हळूच विचारलं.

गाऱ्हाणं म्हणजे देवासमोर मोठ्याने केलेलं मागणं. ते घालणारा एक असतो, आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. कुणी म्हटलं नाही तर ते पोचत नाही. सहसा बापयमाणूस, म्हणजे पुरुष, घालतो. काकूंनी कुणाची वाट पाहिली नाही. ग्लेनिसला मी दोन वाक्यांत समजावलं. तिने कप खाली ठेवला आणि चॅपेलमध्ये लहानपणी उभी राहत असेल तशी उभी राहिली.

काकूंनी हात जोडले. मराठी सुटली आणि त्यांची मालवणी सुरू झाली.

"बा राखणदारा म्हाराजा! आज तुझ्यासमोर उभी रवान गाऱ्हाणा घालतंय."

"व्हय म्हाराजा," डॉक्टर म्हणाले. ग्लेनिस अर्ध्या श्वासाने मागे, "व्है महाराजा."

"परमुलखात तू आमची राखण केलंस. आमचा काय चुकला-माकला असात, ता पोटात घाल."

"व्हय म्हाराजा."

"आता आमी घर सोडून चललो. तुका उपाशी ठेवचो नाय, म्हणान आज मोकळो करतंय."

"व्हय म्हाराजा."

काकू थांबल्या. कोपऱ्यातल्या गलबताकडे पाहिलं.

"पण आधी तुझ्या गलबतार ज्यांका तू बांधलंस, त्यांची बेडी सोड. ते सगळे सुटांदेत. मगे तू सूट."

डॉक्टर अडखळले. गाऱ्हाण्यात आपल्या घरासाठी मागतात, लेकरासाठी, गावासाठी. कुठल्या कोण माणसांसाठी, तेही मागणं नव्हे तर अट घालून, असं त्यांनी कधी ऐकलं नसावं. ग्लेनिस त्यांच्या तोंडाकडे बघत होती. वाक्य तसंच लोंबकळत राहिलं.

मी आयुष्यात कुठल्या देवाला हात जोडलेले नाहीत. देवळाबाहेर चपला सांभाळत उभी राहिलेली मुलगी मी.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. घुमलं.

"पूस आता," काकू म्हणाल्या.

फिलिपची समजूत घालणं पुढे माझ्याकडे आलं, आणि ते सोपं गेलं नाही. त्या क्षणी मी फक्त काडीला कापूस गुंडाळला, शुद्ध पाण्यात बुडवला आणि कपाळाला लावला. खपली भिजू दिली. पहिला कापूस लालभडक निघाला, दुसरा केशरी. मग पिवळा, मग नुसता मळकट. काकू शेजारीच उभ्या होत्या. नजर हलवली नाही.

टिळ्याखालून कपाळ निघालं. गुळगुळीत, एकही आठी नसलेलं. एका भुवईवर चित्रकाराने एक छोटा पुटकुळीसारखा लाल डाग रंगवला होता. वयात येणाऱ्या पोरांना असतो तसा.

"अगो," काकू म्हणाल्या, "हो तर पोरच आसा."

पोरच होता. त्या वयात त्यांना गलबतावर पाठवत असत, आणि कुणाला बांधायचं हे तोवर शिकवून झालेलं असे. काकूंनाही ते आता ठाऊक होतं. त्यांनी त्या कपाळाकडे आणखी थोडा वेळ पाहिलं, मग डबा उघडून ग्लेनिसला वडे दिले, मला दिले, डॉक्टरांना दिले. बाटलीतली व्हिस्की चहाच्या कपांत ओतली गेली. या वेळी कोल्ह्यांना काही मिळालं नाही.

ते गेल्यावर मी हात धुतले आणि नवा कापूस गुंडाळायला घेतला. गालावरची काजळी अजून सगळी बाकी होती.